एका फोटोपुरती परवानगी : गॅलरीच्या किल्लीपासून बाइट्सच्या प्रवाहापर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/२५
गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीच्या मुखाशी, अंजनवेलचा गोपाळगड उभा आहे. सिद्दी, आंग्रे, पेशवे अशा सत्तांच्या हातून जात १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. आज तेथे येणारा इतिहासप्रेमी तरुण तटाचा, बुरुजाचा, खंदकाचा फोटो मोबाइलवर टिपतो. संध्याकाळी गुहागरला परतल्यावर तो एखादे ॲप उघडतो, ‘फोटो निवडा’ या बटणावर बोट ठेवतो आणि गॅलरीतील शेकडो चित्रांमधून नेमके एक निवडतो. क्षणभरात ते चित्र ॲपमध्ये दिसू लागते.

२/२५
त्या क्षणभरात नेमके काय घडते? ॲपच्या हाती संपूर्ण गॅलरीची किल्ली पडते, की केवळ तेवढा एक फोटो? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु २००८ नंतरच्या पंधरा वर्षांत त्याचे उत्तर मुळापासून बदलले आहे. प्रारंभी बहुतेक ॲपे फोटोचा ‘पत्ता’ मागत आणि त्यापायी सारे घरच त्यांना खुले असे. आज त्यांना मिळतो तो त्या एका फोटोतील बाइट्सचा ‘प्रवाह’, म्हणजेच स्ट्रीम. पत्त्यापासून प्रवाहापर्यंतच्या वाटचालीचा हा इतिहास.

३/२५
१८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली, तेव्हा छायाचित्र ही हातात धरता येणारी वस्तू होती. कुणाला एक छायाचित्र दाखवायचे असेल, तर अल्बममधून तेवढेच काढून देता येई. पाहुण्याला कपाटाची किल्ली द्यावी लागत नसे. छायाचित्र संगणकात शिरले आणि ही साधी गोष्ट अवघड होऊन बसली. कारण आता ती वस्तू उरली नव्हती. ती संख्यांची एक लांबलचक रांग झाली होती आणि ती रांग कुठल्या तरी कपाटात, असंख्य इतर रांगांच्या शेजारी ठेवलेली होती.

४/२५
ही रांग आटोपशीर करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका भारतीय वंशाच्या अभियंत्याकडे जाते. १९४० मध्ये बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करीत होते. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती पद्धतीवरील निबंध प्रसिद्ध केला. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातील छटांचे चढउतार लहरींच्या रूपात मांडायचे आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे वगळायचे, हे तिच्या उपयोगाचे सार.

५/२५
याच पद्धतीच्या पायावर १९९२ मध्ये जेपेग हे प्रमाण मान्य झाले. त्यात चित्र ८×८ बिंदूंच्या चौकोनांत विभागले जाते. जेपेग फाइलचे पहिले दोन बाइट नेहमी २५५ आणि २१६ असतात आणि शेवटची खूण २५५ व २१७ या जोडीची. अर्थात जेपेगला आरंभ आहे, अंत आहे आणि मध्ये क्रमाने वाचत जाण्याचा मजकूर आहे. एखाद्या बखरीसारखे ते पहिल्या पानापासून पुढे वाचता येते. पुढच्या कथेत हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

६/२५
१९९५ मध्ये जपानी उद्योगसंघटनेने या रांगेच्या प्रारंभी एक टिपण जोडण्याची पद्धत ठरवली. तिचे नाव एक्झिफ. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता काढला, याची नोंद फोटोच्या पोटातच राहू लागली. जीपीएस असलेल्या फोनांमुळे त्यात अक्षांश-रेखांशांचीही भर पडली. इतिहासाच्या अभ्यासकाला हे टिपण म्हणजे कागदाच्या पाठीवरचा शेरा वाटावा. परंतु घराच्या अंगणात काढलेल्या फोटोत तोच शेरा घराचा ठावठिकाणा सांगून जातो.

७/२५
‘प्रवाहा’ची कल्पना मात्र जेपेगपेक्षा जुनी आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमधील डग्लस मॅकिलरॉय यांनी एका टिपणात सुचवले, की बागेतील रबरी नळीला जसा हवा तेव्हा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे संगणकातील कार्यक्रम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत ती सूचना ‘पाइप’ या रूपाने प्रत्यक्षात आणली. एका कार्यक्रमातून बाहेर पडणारे बाइट थेट दुसऱ्यात वाहू लागले. मध्ये कोठेही साठवण नको, पत्ता नको.

८/२५
मॅकिलरॉय यांना सुचलेली बाग गुहागरकराला अनोळखी नाही. येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांत विहिरीचे पाणी पाटाने झाडांच्या आळ्यांपर्यंत नेण्याची रीत जुनी. गावातील वस्त्यांची नावेही वरचा पाट आणि खालचा पाट अशी आहेत. आळ्याशी उभ्या असलेल्या शिंपणाऱ्याला विहीर किती खोल आहे, हे ठाऊक असण्याची गरज नसते. पाणी येते तेवढे घ्यायचे, आळे भरले की तोंड बंद करायचे. पुढे गेलेले पाणी मागे येत नाही. आणि तोंड उघडे राहिले, तर पाणी वाया जाते. संगणकातील प्रवाहाचे नियम हेच आहेत.

९/२५
१९९० च्या दशकात जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या जावा भाषेने ही कल्पना ‘इनपुटस्ट्रीम’ या नावाने पायाभूत मानली. बाइट फाइलमधून येवोत, इंटरनेटवरून येवोत वा दुसऱ्या कार्यक्रमाकडून येवोत, वाचणाऱ्याची कृती एकच : उघडा, वाचा, बंद करा. सप्टेंबर २००८ मध्ये अँड्रॉइडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यावरील ॲपे याच भाषेत लिहिली जात. त्यामुळे गॅलरीतील फोटो प्रवाह म्हणून उघडण्याची सोय पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. तिचा वापर मात्र फारच थोड्यांनी नीट केला.

१०/२५
ही सोय समजण्यासाठी पुण्याकडे वळणे इष्ट. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात. अभिलेखागारात आलेला वाचक कोठारात शिरून कपाटे धुंडाळत नाही. तो मागणीची चिठ्ठी देतो. कर्मचारी हवा तो रुमाल आणून वाचनकक्षातील मेजावर ठेवतो. कागद कोणत्या फळीवर होता, हे वाचकाला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नसते. कोठाराची मांडणी उद्या बदलली, तरी चिठ्ठी तीच राहते.

११/२५
अँड्रॉइडमधील रचना नेमकी अशी आहे. वापरकर्त्याने फोटो निवडला, की ॲपला एक चिठ्ठी मिळते. तिचे नाव ‘कंटेंट यूआरआय’. ही चिठ्ठी ॲपने ‘कंटेंट रिझॉल्व्हर’ या कर्मचाऱ्याकडे द्यायची आणि ‘ओपनइनपुटस्ट्रीम’ अशी आज्ञा करायची. रिझॉल्व्हर चिठ्ठी पाहतो, परवानगी तपासतो आणि फोटोच्या बाइट्सचा प्रवाह ॲपपुढे उघडतो. फोटो फोनच्या पोटात आहे, मेमरी कार्डावर आहे की दूरच्या सर्व्हरवर, हे ॲपला समजत नाही. ते न समजणे हाच या रचनेचा गाभा.

१२/२५
प्रवाह उघडला, तरी एक पेच उरतो. अँड्रॉइडच्या आरंभीच्या काळात काही फोनांवर एका ॲपच्या वाट्याला अवघी १६ एमबी स्मृती येई. पाच मेगापिक्सेलच्या फोटोत २५९२×१९३६, म्हणजे सुमारे ५० लाख बिंदू. जेपेगच्या रूपात तो दोन-तीन एमबीत मावतो. पण पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडला, की प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात. एकूण सुमारे १९ एमबी. एकच फोटो आणि ॲप कोसळले! त्या काळातील असंख्य ॲपे गॅलरीतला फोटो निवडताच बंद पडत, याचे हे एक मोठे कारण होते.

१३/२५
उपाय पाटाच्याच रीतीने निघाला. प्रवाह दोनदा उघडायचा. पहिल्या वेळी चित्र न उलगडता केवळ लांबी-रुंदी वाचायची आणि प्रवाह बंद करायचा. मग पडद्याला किती मोठे चित्र हवे, याचा हिशेब करून दुसऱ्यांदा प्रवाह उघडायचा आणि चित्र लहान प्रमाणात उलगडायचे. लांबी-रुंदी चौथाईवर आणली, तर वरच्या उदाहरणातील चित्र ६४८×४८४ इतके होते आणि १९ एमबींऐवजी सव्वा एमबीच्या आसपास जागा पुरते. पुढे गेलेले पाणी मागे येत नाही. म्हणूनच पाट पुन्हा सोडावा लागतो.

१४/२५
एवढी चोख रचना असताना बिघडले कोठे? आडवाटेमुळे. अँड्रॉइडच्या फोटोसूचीत ‘डेटा’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात फाइलचा खरा पत्ता लिहिलेला असे. अनेक प्रोग्रॅमरांना प्रवाहाची शिस्त नकोशी वाटली. त्यांनी चिठ्ठीवरून तो रकाना वाचायचा, पत्ता मिळवायचा आणि थेट फाइल उघडायची, असा प्रघात पाडला. या युक्तीचे तुकडे एका ॲपमधून दुसऱ्यात नकलले गेले. जणू वाचनकक्षात बसण्याऐवजी वाचक कर्मचाऱ्याच्या खांद्यावरून फळीचा क्रमांक वाचून स्वतःच कोठारात शिरू लागला.

१५/२५
कोठाराला दारही नव्हते. २०१२ पूर्वीच्या अँड्रॉइडमध्ये मेमरी कार्डावरील फोटो वाचण्यासाठी ॲपला वेगळी परवानगी लागतच नसे. आयफोनची गोष्ट निराळी, पण फारशी बरी नव्हती. तेथे एक फोटो निवडून देण्याची खिडकी २००८ पासून होती. मात्र पुढे आलेल्या दुसऱ्या वाटेने, स्थान जाणून घेण्याची परवानगी मिळालेले ॲप सारा फोटोसंग्रह वाचू शकत असे. ‘मी कुठे आहे ते पाहा’ असे म्हणणाऱ्या माणसाने नकळत आपला अल्बमही पुढे केलेला असे.

१६/२५
फेब्रुवारी आणि मार्च २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या दोन्ही उणिवा उघड केल्या. त्याच वर्षी बदल सुरू झाले. अँड्रॉइड ४.१ मध्ये साठवण वाचण्याची स्वतंत्र परवानगी आली; तिची सक्ती पुढच्या आवृत्त्यांत झाली. सप्टेंबर २०१२ मधील आयओएस ६ पासून फोटोसंग्रह वाचण्यापूर्वी ॲपला वापरकर्त्याची संमती घ्यावी लागू लागली. दाराला कडी बसली. परंतु ती साऱ्या कोठाराची कडी होती : एक तर सगळे खुले, नाही तर सगळे बंद. एका कागदापुरती वेगळी सोय संमतीच्या या प्रश्नात नव्हती.

१७/२५
२०१३ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ४.४ ने आडवाटेला पहिला मोठा धक्का दिला. त्यातील नव्या निवड-खिडकीत फोनवरील फोटोंसोबत गूगल ड्राइव्हसारख्या दूरच्या साठ्यातील फोटोही दिसू लागले. अशा फोटोला फोनवर पत्ताच नसतो. पत्ता शोधणाऱ्या ॲपच्या हाती रिकामा रकाना लागे आणि ॲप कोसळे. प्रवाह मागणाऱ्या ॲपला मात्र काहीच फरक पडला नाही. पाणी विहिरीतून येवो वा दूरच्या झऱ्यातून, पाटाच्या तोंडाशी ते सारखेच. फक्त ते सावकाश येऊ शकते, म्हणून वाट पाहण्याचे काम पडद्यामागे करावे लागते.

१८/२५
पुढील पावले ठरलेल्या दिशेने पडत गेली. २०१५ मधील अँड्रॉइड ६ मध्ये परवानगी ॲप स्थापताना सरसकट न मागता प्रत्यक्ष गरजेच्या वेळी मागण्याची पद्धत आली आणि दिलेली परवानगी मागे घेण्याची सोयही. २०१६ मधील अँड्रॉइड ७ ने एका ॲपने दुसऱ्याला फाइलचा थेट पत्ता देण्यावर बंदी घातली. द्यायची ती चिठ्ठीच. तरीही ‘फोटो वाचू द्या’ याचा अर्थ ‘सगळे फोटो वाचू द्या’ असाच राहिला होता.

१९/२५
या ढिलाईची किंमत भारतात अनेक कर्जदारांनी मोजली. झटपट कर्ज देणारी काही बेकायदा ॲपे कर्जापूर्वीच संपर्कयादी आणि गॅलरी वाचण्याची परवानगी घेत आणि हप्ता थकला, की घरचे फोटो विकृत करून नातलगांना पाठवण्याची धमकी देत. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे ११०० कर्ज-ॲपांची नोंद घेतली. त्यांपैकी ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत बँकेने कर्ज-ॲपांना फाइली, फोटो-व्हिडिओ, संपर्कयादी आणि कॉलनोंदी वाचण्यास मनाई केली.

२०/२५
कायदाही याच प्रश्नाकडे येत होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला मर्यादा घातली : जे काम सांगितले, त्यासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती ग्राह्य. दूरस्थ वैद्यकीय सेवेच्या ॲपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी तो होकार यादीला लागू होत नाही, असे उदाहरण कायद्यातच आहे. ‘एका कामाला एक कागद’ हे तत्त्व आता कायद्याच्या पुस्तकात आले.

२१/२५
यंत्रातही तेच घडत होते. सप्टेंबर २०१९ मधील अँड्रॉइड १० ने साठवणीला ॲपनिहाय कुंपणे घातली आणि पत्त्याचा तो रकाना कालबाह्य ठरवला. २०२० मधील अँड्रॉइड ११ पासून नव्याने घडणाऱ्या ॲपांना ही कुंपणे टाळणे अशक्य झाले. त्याच वर्षी आयओएस १४ मध्ये निवडक फोटोंपुरतीच परवानगी देण्याची सोय आली. २०२२ मधील अँड्रॉइड १३ ने ‘फोटो पिकर’ आणला. ही खिडकी ॲपची नसून प्रणालीची असते. गॅलरी दिसते ती वापरकर्त्याला. ॲपला मिळते ती केवळ निवडलेल्या फोटोची चिठ्ठी. त्यासाठी साठवणीची परवानगी मागावीच लागत नाही.

२२/२५
या चिठ्ठीलाही मुदत असते. सामान्यतः ॲप बंद पडेपर्यंत वा फोन पुन्हा सुरू होईपर्यंतच ती चालते. म्हणून शहाणे ॲप दोनपैकी एक काम करते : मुदतवाढ मागून घेते, किंवा प्रवाह उघडताच त्यातील बाइट स्वतःच्या खासगी जागेत उतरवून घेते आणि प्रवाह बंद करते. जे ॲप नुसती चिठ्ठी जपून ठेवते, त्याला दुसऱ्या दिवशी दार बंद आढळते आणि वापरकर्त्याने जोडलेल्या फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते. वि. का. राजवाडे घरोघरच्या दफ्तरांतील कागदांच्या नकला उतरवीत, त्यामागेही हीच जाण होती. कागद मूळ मालकाकडेच राहणार असेल, तर हाती आहे तोवर नक्कल करून घेणे भाग असते.

२३/२५
आता गोपाळगडाच्या फोटोकडे परतावे. अँड्रॉइड १० पासून आणखी एक गोष्ट घडते. ॲपने खास परवानगी घेतलेली नसेल, तर गॅलरीतील फोटोचा प्रवाह वाहत असतानाच प्रणाली त्यातील अक्षांश-रेखांश पुसून टाकते. पाटातच गाळणी बसवलेली असते. गॅलरीतील मूळ फोटो शाबूत राहतो. ॲपपर्यंत पोहोचणारी प्रत मात्र स्थानाविना पोहोचते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातूनही ही नोंद गळते आणि चित्र दाबून लहान केले जाते.

२४/२५
येथे दोन न्याय्य गरजा समोरासमोर येतात. अंगणात बहिणीचा फोटो काढणाऱ्याला ही गाळणी संरक्षण देते. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. अशा उघड्यावरच्या ठेव्याचा नेमका ठिकाणा कुणाच्याही हाती जाऊ नये, हेही बरे. परंतु तटाच्या एका ढासळत्या भागाचा फोटो दहा वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती आला, तर तो कोणत्या किल्ल्याचा, कोणत्या बाजूचा, कधीचा, हे सांगणारा शेरा त्यातून नाहीसा झालेला असेल. ठिकाण आणि तारीख नसलेला कागद पुराव्याच्या कसोटीला दुबळा ठरतो, फोटोचेही तसेच.

२५/२५
म्हणून जबाबदारी पुन्हा माणसाकडे येते. मूळ फोटो जपून ठेवावा. अभ्यासासाठी पाठवायचा असल्यास मूळ फाइल दस्तऐवज म्हणून पाठवावी. स्थळ, दिशा आणि दिनांक वेगळ्या टिपणात शब्दांत लिहावेत. आणि एकाच फोटोसाठी एखादे ॲप साऱ्या गॅलरीची परवानगी मागत असेल, तर नकार द्यावा. आजच्या फोनवर त्या कामाला तिची गरज नसते. राजवाड्यांना मराठ्यांच्या इतिहासाची साधने पुरवणाऱ्या घरांनी अनेकदा संशयाने, तर कधी विश्वासाने, पेटीतला कागद बाहेर काढला. कोणता कागद द्यायचा आणि कोणता पेटीत ठेवायचा, हा अधिकार घरधन्याचा होता. फोनच्या बाबतीत तो अधिकार घरधन्याकडे परत यायला पंधरा वर्षे लागली. (समाप्त)